अपग्रेड फसलं तर परत कसं यायचं?

वाचकांचे प्रश्न : सर्व्हर आणि स्नॅपशॉट

उबुंटू २०.०४ या लिनक्स प्रणालीला अपडेट मिळण्याची नेहमीची पाच वर्षांची मुदत मे २०२५ मध्ये संपली. अजून त्याच आवृत्तीवर चालणाऱ्या सर्व्हरचं काय करायचं, अशी विचारणा करणारी पत्रं खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि बेळगाव शहरातून आली आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात ‘स्नॅपशॉट’ हा शब्द आहे, आणि प्रत्येकानं त्याचा अर्थ थोडा वेगळा धरला आहे. त्यामुळं या वेळी हा एकच विषय घेतला आहे. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कवरची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं, म्हणजे पुढं फसलं तर तिथं परतता येतं. आज्ञा उच्चाराप्रमाणं देवनागरीत छापल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

प्रश्न (पतसंस्था, खानापूर) : आमच्याकडं एकच सर्व्हर आहे. ५०० जीबीची एसएसडी, उबुंटू २०.०४, रूट एलव्हीएमवर, फाइलसिस्टिम ईएक्सटी४. खात्यांचं सॉफ्टवेअर पीएचपी आणि मारियाडीबीवर चालतं. २२.०४ वर जायचं आहे. ‘स्नॅपशॉट घ्या आणि बिनधास्त करा’ असं सांगितलं गेलं. स्नॅपशॉट केवढा घ्यायचा? आणि फसलं तर नक्की किती मागं जाता येतं?

उत्तर : आधी जागा आहे का ते बघा. एलव्हीएम डिस्कची जागा एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घेतो आणि त्यातून व्हॉल्यूम कापून देतो; प्रणालीच्या फाइली असलेला मुख्य व्हॉल्यूम तो रूट. ‘व्हीजीएस’ ही आज्ञा द्या आणि ‘व्हीफ्री’ हा रकाना वाचा. स्नॅपशॉट रूटच्या आत मावत नाही. तो व्हॉल्यूम ग्रुपमधल्या मोकळ्या जागेतून कापला जातो. उबुंटूचा इन्स्टॉलर बहुतेक वेळा सगळी डिस्क रूटला देत नाही, काही भाग मोकळा सोडतो. पण ‘जागा वाया जाते’ म्हणून कुणीतरी ती नंतर रूटला जोडून टाकलेली असते, आणि मग व्हीफ्री शून्य दिसतं. चालू ईएक्सटी४ रूट लहान करता येत नाही, त्यासाठी मशीन बंद करून बाहेरून बूट करावं लागतं. त्यापेक्षा दुसरी साटा डिस्क आत बसवून ‘पीव्हीक्रिएट’ आणि ‘व्हीजीएक्सटेंड’ करणं सोपं. ही डिस्क यूएसबीवर लटकवू नका. केबल हलली की स्नॅपशॉट बाद होतो आणि पुढच्या बूटला ग्रुप अर्धवट सापडतो.

आता आकार. एलव्हीएमला फाइल कळत नाही, ब्लॉक कळतो. मूळ व्हॉल्यूमवरच्या एखाद्या ब्लॉकवर पहिल्यांदा नवं लिहिलं जायच्या आधी जुना ब्लॉक उचलून स्नॅपशॉटच्या जागेत ठेवला जातो. म्हणजे स्नॅपशॉटला रूटएवढी जागा लागत नाही, जेवढं बदलेल तेवढी लागते. मात्र फाइलसिस्टिमच्या दृष्टीनं रिकाम्या असलेल्या ब्लॉकवर लिहिलं तरी तो बदलच धरला जातो. त्यामुळं डाउनलोड झालेली पॅकेजं, लॉग आणि रूटमध्ये पडलेली ‘स्वॅप.आयएमजी’ ही फाइल, सगळ्यांचा भार स्नॅपशॉटवर येतो. साध्या सर्व्हरच्या एका आवृत्ती-अपग्रेडला साधारण ५ ते १० जीबी धरा आणि त्याच्या तिप्पट द्या. तुमच्याकडं जागा असेल तर सरळ ३० जीबी घ्या. मूळ व्हॉल्यूमएवढा आणि त्याहून थोडा जास्त आकार दिला तर तो कधीच भरत नाही. जागा असेल तर तेही करा.

भरला तर काय होतं हे नीट समजून घ्या. स्नॅपशॉट १०० टक्के भरला की तो बाद होतो. मूळ रूटला काही होत नाही, काम चालू राहतं, पण परतीचा रस्ता गेलेला असतो आणि स्क्रीनवर कुणी ओरडून सांगत नाही. म्हणून अपग्रेड चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर ‘वॉच एलव्हीएस’ लावून ‘डेटा टक्के’ हा रकाना बघत राहायचा. ७० च्या पुढं गेला की ‘एलव्हीएक्सटेंड’ करून आणखी १० जीबी द्यायचे. हे आपोआपही होतं : ‘/ईटीसी/एलव्हीएम/एलव्हीएम.कॉन्फ’ मध्ये ‘स्नॅपशॉट_ऑटोएक्सटेंड_थ्रेशोल्ड’ची किंमत मुळात १०० असते, म्हणजे सोय बंद. ती ७० करा.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी २०.०४ वरच सगळे अपडेट घेऊन मशीन एकदा रीबूट करा. आधीच अडकलेलं पॅकेज असेल तर ते इथं कळतं. ‘डीपीकेजी’ हा पॅकेजांची नोंद ठेवणारा प्रोग्राम; ‘डीपीकेजी --ऑडिट’ काही न बोलता परत आलं पाहिजे. मग ‘मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन --ऑल-डेटाबेसेस’ची फाइल (डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल) काढून या मशीनच्या बाहेर ठेवा. ‘/बूट’ची टार फाइलही बाहेर ठेवा (का, ते निपाणीच्या उत्तरात आहे). त्यानंतर अपाची (वेब सर्व्हर), क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) आणि मारियाडीबी थांबवा, ‘सिंक’ द्या आणि स्नॅपशॉट घ्या :

‘एलव्हीक्रिएट -एस -एन अपग्रेड_आधी -एल ३०जी उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही’

व्हॉल्यूमचं नाव अर्थातच रोमनमध्ये द्यायचं. यातला ‘एल’ मोठा, कॅपिटल आहे. लहान ‘एल’ दिला तर पुढचा आकडा एक्स्टेंटमध्ये मोजला जातो; एक एक्स्टेंट मुळात ४ एमबीचा. लहान ‘एल’पुढं नुसतं ३० टाकलं तर १२० एमबीचा स्नॅपशॉट होईल आणि अपग्रेडच्या पहिल्या काही मिनिटांतच तो बाद होईल.

घेतल्यावर उघडून बघा. ‘/एमएनटी’वर फक्त वाचण्यापुरता माउंट करा (जोडा) आणि आत ‘/ईटीसी/होस्टनेम’ व ‘/व्हर/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ दिसतात का पाहा. ‘/डेव्ह/मॅपर’मधून माउंट करत असाल तर नावातली प्रत्येक आडवी रेघ तिथं दुहेरी होते, ‘उबुंटू--व्हीजी’ अशी. ‘डिव्हाइस सापडत नाही’ हा निरोप बहुतेकदा त्यामुळंच येतो. पाहून झाल्यावर अनमाउंट करा आणि मगच ‘डू-रिलीज-अपग्रेड’ सुरू करा. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून) करत असाल तर तो १०२२ पोर्टवर दुसरा एसएसएच उघडून ठेवतो. फायरवॉलमध्ये तो पोर्ट आधी मोकळा करा.

किती मागं जाता येतं, याचं उत्तर दोन भागांत आहे. ‘/बूट’ वेगळं असेल तर ते सोडून बाकी प्रणाली पूर्ण मागं जाते. ‘एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज उबुंटू-व्हीजी/अपग्रेड_आधी’ दिल्यावर ‘मूळ व्हॉल्यूम उघडा आहे, पुढच्या वेळी जोडू’ अशा अर्थाचा निरोप येतो. ती चूक नाही. रीबूट करा, जोडणी मागं चालू राहते आणि मशीन तेवढ्यात वापरताही येतं. जोडणी संपली की स्नॅपशॉट नाहीसा होतो. दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा तर नवा घ्यायचा.

दुसरा भाग पैशांचा आहे. मारियाडीबीच्या फाइली ‘/व्हर/लिब/मायएसक्यूएल’मध्ये, म्हणजे रूटमध्येच असतील तर त्याही मागं जातात. शनिवारी रात्री अपग्रेड केलं, सोमवारी काउंटर उघडला, संध्याकाळी पिग्मी एजंटांनी मशीनमधली वसुली उतरवली आणि मंगळवारी लक्षात आलं की व्याजाचा रिपोर्ट चुकतो. आता मर्ज केलं तर सोमवारच्या सगळ्या नोंदी गेल्या. उलट बाजूनंही वाट नाही : २०.०४ मध्ये मारियाडीबी १०.३ आहे, २२.०४ मध्ये १०.६. नव्या १०.६ नं एकदा त्या फाइली उघडून बदलल्या की जुन्या १०.३ ला त्या देऊ नयेत. मग उरतो एकच उपाय : नव्यावरून डंप काढायचा, मागं यायचं, जुन्यात तो भरायचा. नव्या आवृत्तीच्या डंपमध्ये जुन्याला न कळणारं एखादं वाक्य निघालं की तिथंही हातानं दुरुस्ती आली.

आमचं स्पष्ट मत : डेटाबेससाठी वेगळा लॉजिकल व्हॉल्यूम करा. अपग्रेडच्या रात्री डेटाबेस थांबलेला असताना दोन्ही व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट पाठोपाठ घ्या. आणि ‘राहायचं की परतायचं’ हा निर्णय काउंटर उघडायच्या आत घ्या. वेळ आधीच कागदावर लिहून ठेवा, समजा रविवार दुपारी ४. तोवर पासबुक छापून बघा, दिवसअखेर चालवून बघा, पिग्मी मशीनची फाइल चाचणीपुरती आत घेऊन बघा, एका ठेवीचं व्याज हातानं पडताळा. पीएचपी ७.४ वरून ८.१ वर जाते आहे. ७.४ मध्ये नुसती सूचना देऊन पुढं जाणाऱ्या कितीतरी गोष्टी ८ मध्ये थेट चूक म्हणून थांबतात. लॉगिनचं पान उघडलं म्हणजे झालं, असं धरू नका.

प्रश्न (निपाणी) : तंबाखूच्या वखारीच्या हिशेबाचा सर्व्हर २२.०४ वर नेला, जमलं नाही, स्नॅपशॉट मर्ज केला. आता बूट होताना ‘आयओ चारसेट आयएसओ८८५९-१ नॉट फाउंड’ असं येऊन ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबतो. डिस्क गेली का?

उत्तर : डिस्क ठीक आहे. अर्धी प्रणाली मागं गेली आणि अर्धी पुढंच राहिली, एवढंच झालं आहे.

एलव्हीएमवर उबुंटू बसवला की ‘/बूट’ हे बहुधा वेगळं, साधं पार्टिशन असतं. ते एलव्हीएमच्या बाहेर, म्हणून स्नॅपशॉटच्याही बाहेर. ‘/बूट/ईएफआय’ तर व्हीफॅटवर असतं, तिथं स्नॅपशॉट ही गोष्टच नाही. अपग्रेडनं ‘/बूट’मध्ये ५.१५ चा कर्नल (प्रणालीचा गाभा) आणून ठेवला. त्या कर्नलचे मॉड्यूल (गरजेनुसार जोडले जाणारे भाग) मात्र ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये, म्हणजे रूटमध्ये होते. रूट मागं गेला, मॉड्यूलही गेले. आता ग्रब (बूट होताना कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) सवयीनं सगळ्यात नवा कर्नल उचलतो. इनिट्रामएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या छोट्या प्रणालीच्या) आत असलेल्या मॉड्यूलवर रूट माउंट होतो, पण पुढं ‘/बूट/ईएफआय’ जोडायला लागणारा अक्षरसंचाचा मॉड्यूल सापडत नाही आणि सिस्टिमडी (बूटच्या पुढच्या पायऱ्या चालवणारा प्रोग्राम) थांबतो. ‘यूनेम -आर’ आणि ‘एलएस /लिब/मॉड्यूल्स’ शेजारी शेजारी चालवून बघा : एकीकडं ५.१५, दुसरीकडं फक्त ५.४. रोगाचं निदान या दोन ओळींत आहे.

उपाय : रीबूट करा, जुन्या बायोस मशीनवर शिफ्ट दाबून धरा किंवा यूईएफआयवर एस्केप एकदा दाबा, म्हणजे ग्रबची यादी येते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन ५.४ निवडा. मशीन नीट उठेल. मग ‘/बूट’मधल्या ५.१५ च्या फाइली, म्हणजे व्हीएमलिनझ, इनिटआरडी, कॉन्फिग आणि सिस्टिम.मॅप, हातानं काढा. मागं गेलेल्या डीपीकेजीला त्यांची ओळखच नाही, त्यामुळं ‘ऑटोरिमूव्ह’ त्यांना शिवणार नाही. शेवटी ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’.

यादीत ५.४ नसेलच तर अपग्रेडच्या शेवटी ‘कालबाह्य पॅकेजं काढू का?’ या प्रश्नाला कुणीतरी ‘हो’ म्हटलं आहे. निर्णय होईपर्यंत तिथं नेहमी ‘नाही’ म्हणायचं. आता लाइव्ह पेनड्राइव्हनं बूट करून आधी काढलेल्या टारमधून ५.४ च्या चार फाइलीच ‘/बूट’मध्ये परत आणा आणि रूटमध्ये क्रूट करून (त्यालाच मुख्य प्रणाली धरून आत शिरून) ‘अपडेट-ग्रब’ चालवा. संपूर्ण टार एकदम उलगडू नका. ग्रबचा डिस्कवर बसलेला गाभा नवा आणि ‘/बूट/ग्रब’मधले त्याचे मॉड्यूल जुने, अशी जोडी झाली तर ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ लिहून मशीन ग्रबच्याही पुढं जात नाही.

सर्व्हर प्रत्यक्ष मशीन नसून केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवरचं आभासी मशीन असेल तर ही सगळी कटकट टळते. तिथं स्नॅपशॉट संपूर्ण डिस्कचा असतो, ‘/बूट’ आणि ईएफआय त्यातच आले. हा फार मोठा फायदा आहे.

प्रश्न (अभियांत्रिकी महाविद्यालय, बेळगाव) : ओपनसुसे लिनक्स, रूट बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर, ४० जीबी. अपग्रेडच्या मध्येच ‘जागा नाही’ म्हणून थांबलं. जुन्या आयएसओ आणि लॉग मिळून ९ जीबी पुसले, तरी ‘डीएफ’चा आकडा हलत नाही.

उत्तर : पुसलेल्या फाइली जुन्या स्नॅपशॉटमध्ये अजून जिवंत आहेत. शेवटचा संदर्भ जाईपर्यंत जागा परत येत नाही. ओपनसुसेमध्ये झिपर (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) प्रत्येक वेळी ‘प्री’ (आधीचा) आणि ‘पोस्ट’ (नंतरचा) अशी स्नॅपशॉटची जोडी स्नॅपर या साधनाकडून घेतो. वर्षभरापूर्वी कुणीतरी ‘राहू दे’ म्हणून हातानं घेतलेला एखादा स्नॅपशॉटही असतो, आणि त्याला सफाईचा नियम लावलेला नसेल तर तो कायम बसून राहतो. ‘स्नॅपर लिस्ट’मध्ये ‘क्लीनअप’चा रकाना रिकामा दिसेल ते तुमचे गुन्हेगार. सगळ्यात जुन्यापासून ‘स्नॅपर डिलीट’ करा. ५ ते २० असा पट्टाही देता येतो. सध्याच्या अपग्रेडची ‘प्री’ मात्र सोडा, तुमची परतीची वाट तीच आहे. पुसल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही, सफाई मागं चालते. पाच-दहा मिनिटं थांबा.

आणि बीटीआरएफएसवर ‘डीएफ’वर विसंबू नका. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज /’ बघा. तिथं डेटा आणि मेटाडेटा (फाइलींविषयीची माहिती) वेगळे दाखवतात. डेटाला जागा शिल्लक असून मेटाडेटा भरला तरी ‘जागा नाही’ हाच निरोप येतो. तसं असेल तर ‘बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट -डीयूसेज=१० /’ चालवून अर्धवट भरलेले डेटाचे तुकडे मोकळे करून घ्या. सगळं एकदम बॅलन्स करायला जाऊ नका, फार वेळ खातं.

परतायचं झालं तर बूटच्या यादीतून ‘प्री’ स्नॅपशॉट निवडा. तो फक्त वाचण्यापुरता उठतो. सगळं ठीक वाटलं की आत ‘स्नॅपर रोलबॅक’ आणि रीबूट. इथं कर्नल रूटच्याच आत असतो, म्हणून निपाणीसारखी फारकत सहसा होत नाही. ‘/व्हर’, ‘/होम’ आणि ‘/एसआरव्ही’ हे वेगळे सबव्हॉल्यूम असल्यानं विद्यार्थ्यांच्या फाइली आणि डेटाबेस जागच्या जागी राहतात. बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट आतल्या सबव्हॉल्यूममध्ये उतरत नाही; तिथं रिकामी डिरेक्टरी दिसते. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि उत्तम आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की ‘/व्हर’मधलं काहीही या स्नॅपशॉटनं परत मिळणार नाही.

प्रश्न (सार्वजनिक वाचनालय, चिकोडी) : ग्रंथसूची पोस्टग्रेएसक्यूएल १० वर आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकं. १८.०४ वरून २०.०४ केलं. स्नॅपशॉट होता, पण सगळं चाललं म्हणून काढून टाकला. आता यादीत डोळ्यांनी दिसणारं पुस्तक शोधात सापडत नाही, आणि एकच दाखल क्रमांक दोनदा पडला आहे.

उत्तर : हे पत्र या वेळच्या सगळ्या पत्रांत महत्त्वाचं वाटलं, कारण इथं काहीच ‘बिघडलं’ नव्हतं.

अक्षरांचा क्रम कोणता, क आधी की ख, जोडाक्षर कुठं बसवायचं, देवनागरी आधी की कन्नड लिपी, हे पोस्टग्रेएसक्यूएल स्वतः ठरवत नाही. ते ग्लिबसी या प्रणालीच्या मूळ लायब्ररीला विचारतं. ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत, २०१८ मध्ये, ही क्रमवारी मोठ्या प्रमाणावर बदलली. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१ आहे. तुमचा पोस्टग्रे १० चा क्लस्टर (सगळा डेटा) तसाच राहिला, त्याच्या इंडेक्सही (शोधासाठीच्या क्रमवार याद्या) जुन्या क्रमानं लावलेल्या राहिल्या, आणि त्यात शोधणारा मात्र नव्या क्रमानं शोधतो. कपाटात पुस्तकं एका क्रमानं आणि शोधणाऱ्याच्या हातात दुसऱ्या क्रमाची यादी, तसं हे. दाखल क्रमांक ‘म/२०१४’ अशा धर्तीवर अक्षरांसह ठेवला असेल तर त्याची ‘एकमेव’ असण्याची तपासणीही त्याच इंडेक्सवर चालते, म्हणून दुबार नोंद आत शिरली.

आता काय करायचं : आधी नोंदी थांबवा आणि ‘पीजी_डंप’ काढा. मग दुबार शोधा. दाखल क्रमांकावर गट करून एकाहून जास्त येणारे काढायचे. मात्र त्या सत्रात ‘एनेबल_इंडेक्सस्कॅन’, ‘एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन’ आणि ‘एनेबल_बिटमॅपस्कॅन’ तिन्ही बंद ठेवा, नाहीतर तीच चुकलेली इंडेक्स उत्तर देईल. दुबार नोंदी पुस्तक हातात घेऊन सोडवा. शेवटी ‘रीइंडेक्स डेटाबेस’. दुबार शिल्लक असेल तर ती आज्ञा तिथंच अडेल, आणि अडलेली चांगली. पडताळणीसाठी ‘एएमचेक’ हे एक्सटेन्शन बसवून ‘बीटी_इंडेक्स_चेक’ चालवा. नुसत्या आकड्यांच्या आणि ‘सी’ क्रमवारीच्या इंडेक्सना हा त्रास नाही.

स्नॅपशॉट ठेवला असता तरी महिन्याभरानं त्यावर परतणं शक्य नव्हतं. देवघेवीच्या नोंदी गेल्या असत्या. डेटाबेसची डिरेक्टरी स्नॅपशॉटमधून उचलून वेगळ्या आवृत्तीच्या मशीनवर ठेवली तरी हाच घोटाळा होतो. आवृत्ती बदलताना पोस्टग्रेचा डेटा डंपवाटे न्यावा, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधल्या जातात. ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ मुळात हेच करतो. त्याला ‘-एम अपग्रेड’ दिलं तर मात्र फाइली जशाच्या तशा जातात. मारियाडीबी स्वतःची क्रमवारी बाळगते, म्हणून खानापूरच्या वाचकांना ही काळजी नाही.

प्रश्न (अथणी) : अल्मालिनक्सवर एक्सएफएस रूटचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला, पण माउंट होत नाही. ‘राँग एफएस टाइप’ म्हणतो.

उत्तर : ‘-ओ आरओ,नोयूयूआयडी’ द्या. मूळ आणि स्नॅपशॉट या दोघांचा यूयूआयडी एकच असतो आणि एक्सएफएस एकाच ओळखीच्या दोन फाइलसिस्टिम एका वेळी घेत नाही. खरं कारण ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं सापडेल. बीटीआरएफएसच्या खाली एलव्हीएम असेल तर तिथं ब्लॉक-स्नॅपशॉट घेऊन दोन्ही समोर ठेवू नका. सारख्या ओळखीमुळं कर्नल कुठल्या उपकरणावर लिहील याचा भरवसा राहत नाही, डेटा खराब होतो.

प्रश्न (छापखाना, बेळगाव) : झेडएफएस फाइलसिस्टिमवर ‘-आर’ देऊन स्नॅपशॉट घेतला आणि ‘-आर’ देऊनच रोलबॅक केला. काही डेटासेट मागं आले, काही आलेच नाहीत, आणि नंतरचे स्नॅपशॉट गायब झाले.

उत्तर : अक्षर एकच, अर्थ दोन. ‘झेडएफएस स्नॅपशॉट -आर’मध्ये ते ‘खालचे सगळे डेटासेट घे’ असं सांगतं. ‘झेडएफएस रोलबॅक -आर’मध्ये ते ‘मधले नवे स्नॅपशॉट नष्ट कर’ असं सांगतं आणि खालच्या डेटासेटना हात लावत नाही. प्रत्येक डेटासेट वेगळा रोलबॅक करावा लागतो. गेलेले स्नॅपशॉट परत येत नाहीत. एखादी फाइलच हवी असेल तर रोलबॅक करूच नका. डेटासेटच्या मुळाशी ‘.झेडएफएस/स्नॅपशॉट’ या लपलेल्या डिरेक्टरीतून ती नकलून घ्या. आणि अपग्रेडनंतर ‘झेडपूल स्टेटस’ नवी वैशिष्ट्यं चालू करायला सुचवेल. निर्णय होईपर्यंत ‘झेडपूल अपग्रेड’ देऊ नका. ते दिल्यावर जुन्या प्रणालीला पूलच (सगळे डेटासेट असलेला डिस्कचा साठा) उघडता येईल याची खात्री नाही, आणि मग रूटचा स्नॅपशॉट असून नसल्यासारखा.

प्रश्न (खानापूर तालुका) : पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. अपग्रेडच्या मध्येच गेली तर स्नॅपशॉट राहतो का? आणि स्नॅपशॉट असताना बाहेरचा बॅकअप कशाला?

उत्तर : राहतो. एलव्हीएम, बीटीआरएफएस, झेडएफएस, तिन्हींचे स्नॅपशॉट डिस्कवर लिहिलेले असतात, वीज गेल्यानं पुसले जात नाहीत. डाउनलोड चालू असताना गेली तर फारसं बिघडत नाही. फक्त पॅकेजांच्या स्रोतांची यादी नव्या आवृत्तीकडं वळून राहिली आहे का ते बघा. पॅकेजं उलगडत असताना गेली आणि मशीन उठलं, तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’. उठलंच नाही, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही ‘एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज’ देता येतं. तिथं रूट उघडा नसल्यानं जोडणी लगेच सुरू होते.

पण यूपीएसचा हिशेब आधी करा. १ केव्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील तर कागदावर १६८ वॉट-तास. इतक्या भरभर ओढल्यावर हाती १०० च्या आसपास येतात. सर्व्हर १५० वॉट घेत असेल तर नव्या बॅटरीवर ४० मिनिटं, दोन-तीन वर्षं जुन्या बॅटरीवर त्याच्या निम्मीही नाहीत. अपग्रेडला तास-दोन तास लागतात. म्हणून त्या रात्री मोठ्या इन्व्हर्टरची सोय करा, किंवा हे काम पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत घ्या. राउटरही त्याच यूपीएसवर जोडा.

बाहेरचा बॅकअप हवाच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, आणि न बदललेले ब्लॉक तर मूळ व्हॉल्यूमचेच वापरतो. वीज येताना झटका बसून एसएसडी गेली की दोन्ही एकदम गेले. स्नॅपशॉट माउंट करून त्यातून ‘आरसिंक’नं दुसऱ्या मशीनवर नक्कल काढा, नक्कल चालू असताना फाइली बदलत नाहीत, हा स्नॅपशॉटचा खरा रोजचा उपयोग. बीटीआरएफएस आणि झेडएफएसवर ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ आहेच.

एलव्हीएमचा स्नॅपशॉट आठवड्याहून जास्त ठेवू नका. तो असेपर्यंत प्रत्येक नव्या लिखाणाआधी जुना ब्लॉक हलवावा लागतो, काउंटरवर मशीन जड वाटू लागतं, आणि तो भरतही राहतो. काढताना ‘एलव्हीएस’ चालवून ‘ओरिजिन’ हा रकाना बघा. ज्या ओळीत तो भरलेला आहे तो स्नॅपशॉट, रिकामा आहे ते मूळ. स्नॅपशॉटचं पूर्ण नाव तिथून उचलून ‘एलव्हीरिमूव्ह’ला द्या आणि ‘हो की नाही’ विचारेल तेव्हा छापलेलं नाव पुन्हा एकदा वाचून मग ‘वाय’ दाबा.